मागून मारलेली हाक

आमच्या घरात बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे चाललात' असे विचारायची बंदी होती. ही बंदी पुष्कळ घरांत असते. पण घरातला माणूस शेतावर नाहीतर शाळेत जात असेल, तर ती पाळणे जड जात नाही. आमचे आप्पा ट्रक चालवत. शहाद्याच्या आसपासच्या मळ्यांतून केळी भरून ते कधी दिल्लीला, कधी कानपूरला, कधी पार जम्मूकडे जात, आणि ते या घडीला नेमके कुठे आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नसे. आईला अंतर कळे ते स्वयंपाकावरून. 'भाकरी बांध' म्हणाले की इंदूर. 'दशम्या कर' म्हणाले की त्याच्या पुढे. दुधात मळलेली दशमी आठवडाभर विटत नाही. परातीतल्या दशम्यांची चळत जितकी उंच, तितकी गाडी लांब जाणार. शेजारणीही हे शिकल्या होत्या. 'दशम्या लिसन गयात का भाकरी लिसन?' असे त्या विचारत, कारण तो प्रश्न गंतव्याविषयी नसून अन्नाविषयी होता आणि म्हणून त्यात अपशकुन नव्हता. माझा भाचा आज याच रस्त्यावर गाडी चालवतो. त्याची गाडी कुठे आहे ते त्याच्या बायकोच्या मोबाईलवर निळ्या ठिपक्याने दिसते. निघताना मात्र 'कुठे' असे तीही विचारत नाही. तो वळणाआड गेला की ठिपका उघडून बसते.

गाव तापीच्या सपाटीवरचे. काळी जमीन, केळी, ऊस, पपई. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. आमचे घराणे जमीनवाल्यांचे, पण वाटण्या होत होत आप्पांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात नांगर फिरवायला जागा पुरत नसे. त्यांनी चाक धरले. गावाने यावर दोन मते एकाच वेळी बाळगली. पाटलाच्या मुलाने ड्रायव्हर होणे हे घसरणे होते. आणि दिल्ली पाहिलेला माणूस म्हणून त्याला पारावर मधली जागाही होती. ज्यांनी त्यांना 'डायवर' म्हणून सोयरिकीच्या बोलण्यांत खाली बसवले, तेच त्यांच्याकडून उत्तरेकडचे ब्लँकेट मागवत. आप्पांनी हा दुटप्पीपणा कधी मनाला लावून घेतला नाही. त्याचे कारण मोठेपणा नव्हते. कौतुक कुठूनही येवो, ते घेत.

घर चालवायची ती फुई. फुई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. विधवा होऊन माहेरी परतली आणि परतल्या दिवसापासून घरातल्या शकुनांचे खाते तिने स्वतःकडे घेतले. गाडी निघताना कोण कुठे उभे राहील, कोण शिंकले तर किती थांबायचे, मांजर आडवे गेले ते डावीकडून की उजवीकडून, हे तिचे विषय होते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, हा तिचा दोष नव्हे. पण जे येत नव्हते त्याची भरपाई तिने ज्या खात्रीने केली, ती खात्री मी पुढे नोकरीत फक्त संपादकांमध्ये पाहिली.

निघण्याची सकाळ सगळ्या गल्लीला कळे. आप्पा इंजिन चालू करून ठेवत, आणि त्याच्या घरघरीने फडताळातली भांडी एका सुरात वाजू लागत. धूर ओसरीतून माजघरात, माजघरातून चुलीपर्यंत येई. चुलीचा धूर आणि डिझेलचा धूर यांत आई डोळे पुसत दशम्या थापत असे. मग रायसिंग, आमचा क्लीनर, लोखंडी दांडका घेऊन गाडीभोवती फिरे आणि एकेक टायर ठोके. हवा भरलेल्या टायरचा आवाज घट्ट, टणक येतो, बसलेल्याचा भद्द. त्यानंतर फुई कुंकवाचे ताट घेऊन पुढे. गाडीच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' असे रंगवले होते. ही आई म्हणजे गडावरची देवी, असा खुलासा फुई कोणी न विचारता करीत असे, म्हणजे माझ्या आईचा त्यात काही गैरसमज राहू नये. पुढच्या चाकांखाली लिंबे, बॉनेटसमोर नारळ. लिंबे चिरडून गाडी पुढे गेली की ती मागे घ्यायची नाही, बंद करायची नाही आणि तिला मागून हाक मारायची नाही. यातला शेवटचा नियम सर्वांत मोठा.

ट्रक ड्रायव्हरविषयी लोकांना जे वाटते ते मला कधी दिसले नाही. रस्ता त्याचा मित्र असतो, तो वाऱ्यासारखा मोकळा असतो, वगैरे. मी पाहिलेला ड्रायव्हर मूळव्याधीने त्रस्त, एका बाजूने काळवंडलेला (उजवा हात आणि उजवा गाल, कारण ऊन खिडकीतून येते), सदा झोपेला आणि बढाईला आलेला माणूस होता. घरी आले की आप्पा दोन दिवस झोपत आणि तिसऱ्या दिवशी पारावर जाऊन रस्ता सांगत. त्या सांगण्यात ते स्वतः कधी चुकत नसत. चुकत ते समोरचे, मागचे, नाक्यावरचे, माल भरणारे आणि देव.

त्या वर्षी होळीच्या सुमारास रायसिंग सुट्टीवर होता. तो धडगावकडच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी, आप्पांच्याच वयाचा, तीन मुलांचा बाप. काठी गावच्या होळीला त्याचा नवस होता. नवसकरी माणूस होळीआधी बरेच दिवस जमिनीवर झोपतो, आंघोळ करीत नाही, मग अंगभर पांढरे ठिपके काढून, कमरेला वाळके भोपळे बांधून रात्रभर नाचतो. आप्पांना हे पसंत नव्हते. 'माल कापायना टाइमले हाऊ भोपळा बांधी नाचस,' असे ते म्हणत. पण क्लीनरला होळीला सोडले नाही तर तो होळीनंतर येत नाही, हे सपाटीवरच्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक होते. तेव्हा रायसिंग काठीला होता, मळ्यावर केळी कापून भरून झाली होती, आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी घरापुढे आणून लावली तेव्हा मागचे डावे चाक बसलेले निघाले.

सकाळी आप्पांनी एकट्यानेच चाक बदलले. ट्रकच्या चाकाचे नट नुसत्या हाताच्या जोराने आवळत नाहीत. पान्याच्या दांड्यावर लांब लोखंडी पाइप चढवतात, म्हणजे जोर वाढतो, आणि मग त्या पाइपावर उभे राहून अंगाचे वजन टाकतात. नट शेवटचा करकरतो तेव्हा चाक पक्के झाले. आमच्याकडचा पाइप इतर वेळी अंगणातल्या वाळवणीच्या दोरीला टेकण म्हणून उभा असे. जड कपडे घातले की दोरी मधे झोळ खाते, तिला खालून त्याचा आधार. त्या सकाळी त्यावर आईची धुतलेली नऊवारी होती. आप्पांनी नट हाताने फिरवून, पान्याने जुजबी बसवले असतील नसतील, तोवर मळेवाल्याचा माणूस मोटारसायकलवर आला आणि माल तापतो आहे म्हणून ओरडू लागला. फुईने ताट आणले. टायर ठोकायला रायसिंग नव्हता. नारळ फुटला, लिंबे चिरडली, गाडी हलली.

आई दशम्यांचे गाठोडे देऊन दारात उभी होती. मी, सुमी, तिच्याशेजारी होते. तिने एकदा दोरीकडे पाहिले, एकदा गाडीकडे. मग ती ओरडली.

"ओ सुमीना आप्पा! थांबा! गाडी थांबाडा!"

आमच्या गल्लीत असा आवाज तिचा कोणी ऐकला नव्हता. फुईच्या हातातले ताट वाजले. "मरी गयी तू!" ती म्हणाली. "मांगतून हाक मारी? लिंबू दबनात नी हाक मारी?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आप्पांनी खिडकीतून डोके काढले. चेहरा पाहण्यासारखा होता.

"काय शे?"

"चाकले पाइप लायाच नही तुम्ही," आई म्हणाली. "मन्ही धडी त्यावरच वाळी ऱ्हायनी."

आप्पा उतरले. मी साडी ओढून काढली आणि पाइप घेऊन धावले. ते मागच्या चाकाशी वाकले, पाना लावला, पाइप चढवला. पहिला नट लोण्यातल्यासारखा फिरला. दुसराही. मी तिथे उभी होते. त्यांच्या हाताच्या अंतरावर. एकही नट आवळलेला नव्हता. पाइपावर उभे राहून त्यांनी एकेक नट करकरेपर्यंत आवळला, घाम पुसला आणि वर चढले. मागे फुई मोठ्याने देवीचे नाव घेत होती. मळेवाल्याच्या माणसाने आईकडे पाहून जीभ चावली.

केळी भरलेली गाडी घाटात उतरताना मागचे चाक निखळले तर काय होते, ते मी पुढे पुष्कळदा मथळ्याखाली लिहिले. न झालेल्या अपघाताची बातमी होत नाही. कोणी मेले नाही, गाडी उलटली नाही, पंचनामा नाही, छापायचे काय? उलट त्या खेपेत जे जे झाले ते सगळे दाखवता येण्याजोगे होते. खेतियाच्या नाक्यावर गाडी अर्धा दिवस अडवली. पुढे वेगळेच एक टायर बसले. शिवपुरीच्या अलीकडे गारा पडल्या, ताडपत्री फाटली. रस्ता तुंबला, आणि हिरवी भरलेली केळी दिल्लीच्या मंडीत पिवळी होऊन उतरली. यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या रस्त्यावर दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या नशिबी येते. पण आप्पा परतले, त्यांनी ओसरीवर बसून हे एकामागून एक सांगितले, आणि प्रत्येक वाक्यागणिक फुई माझ्या आईकडे पाहत गेली.

"ह्या एक हाकनी इतलं कयं," ती शेवटी म्हणाली.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होती. तिने आप्पांकडे पाहिले. तिला काही फार नको होते. 'नट सैल होते' एवढे तीन शब्द. ते सांगू शकणारा माणूस जगात एकच होता आणि तो पायाचा अंगठा चोळत बसला होता. "ते मी खेतियाले टायर ठोकाले उतरताच दखनार व्हतु," तो म्हणाला. "नट काय, नट तर सर्वासना सैल ऱ्हातस."

निकाल लागला. गाडी निघताना आईने पुढच्या दारी यायचे नाही. गाडी फाट्यावर पोचून हॉर्न वाजेपर्यंत तिने मागच्या अंगणात चुलीपाशी थांबायचे. डबा मी किंवा फुईने नेऊन द्यायचा. ही शिक्षा म्हणून कोणी सांगितली नाही. 'जपलेलं बरं' असे त्याचे नाव होते. गल्लीत आईचे नाव पडले ते 'हाकवाली'. आणि आप्पांनी, ज्यांनी स्वतःच्या हाताने ते नट फिरवून पाहिले होते, यावर हरकत घेतली नाही. त्यांना आई दोषी वाटत होती असेही नाही. त्यांना त्यांची गोष्ट बिनचूक हवी होती, आणि आई दोषी ठरली की ती तशी होत होती.

आईने भांडण केले नाही. ती ज्या बायका गप्प राहून मोठ्या ठरतात त्यांतली नव्हती. ती धुसफुसत असे, पातेली आपटत असे. गाडी निघायच्या सकाळी तिची चूल नको तितकी पेटे. "तुना बापले इचार," ती मला एकदा म्हणाली, "नट कोना हातथाईन फिरनात. माले नको सांगू. त्याले इचार, नी चार मानसंमा इचार."

उन्हाळ्यात माझी बारावीची परीक्षा झाली, आणि मावशीकडे इंदूरला जायचे ठरले. एस.टी.ने खेतिया, तिथून पुढच्या बसने असे दोन टप्पे होते. आप्पांची गाडी त्याच रस्त्याने जाणार होती. मुलीने ट्रकमध्ये बसायचे यावर फुईने जमेल तेवढे आकांडतांडव केले. आप्पांनी तिला गप्प केले. त्यांना श्रोता मिळणार होता. आईने मला निरोप मागच्या अंगणातच दिला. पुढच्या दारी फुई नारळ घेऊन उभी होती. रायसिंगने टायर ठोकले, मी दोघांच्या मध्ये बसले.

केबिनमध्ये पहिल्या तासाभरात कळते की हे वाहन माणसांसाठी केलेले नाही. इंजिन मांडीशी जळत असते. त्याच्या आवाजाच्या वर बोलायचे म्हणून सगळे ओरडतात, आणि म्हणून ड्रायव्हर घरीही ओरडतात. समोर देवीची तसबीर, तिच्याभोवती बॅटरीवर लुकलुकणारे दिवे, खाली उदबत्तीची राख, तंबाखूची डबी, आणि झोप येऊ नये म्हणून चहात टाकायची कसलीशी तपकिरी भुकटी कागदाच्या पुडीत. आंघोळ ढाब्याच्या हौदावर. शौच शेतात. झोप गाडी जिथे अडेल तिथे, आणि गाडी प्रामुख्याने नाक्यांवर अडे. मी त्या दिवशी जे पाहिले ते मुख्यतः थांबणे होते. पुढच्या गाडीचा मागचा भाग, त्यावरचे डोळे वटारलेले राक्षसाचे तोंड, आणि खिडकीपाशी येऊन हात पसरणारा कोणीतरी गणवेशातला माणूस, ज्याला आप्पा 'साहेब' म्हणत आणि काच वर झाली की दुसरे काहीतरी. निवालीच्या पुढे एका चढावर मागे वळून पाहिले तर आमच्या गाडीतून केळीच्या पानांचा चुरा रस्त्यावर उडत होता. घड एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये तो पाला घालतात. तो सगळा मुलुख, पळस, कोरडे नाले, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका, दोन्ही बाजूंनी जात होता, आणि केबिनमधल्या कोणाचेही तिकडे लक्ष नव्हते. 'रस्त्यावर जगणारी माणसे' असे आम्ही पुढे पुरवणीत छापत असू. त्यांनी रस्ता सोडून काही पाहिलेले नसे.

खलघाटच्या अलीकडे एका ढाब्यावर दुपारी थांबलो. तिथे खानदेशच्या गाड्या थांबतात, कारण तिथे शेवेची भाजी मिळते आणि ती तिखट असते. खाटांवर सात-आठ ड्रायव्हर, मधल्या खाटेवर धुळ्याकडचे भिका नाना. पांढऱ्या मिशा, या रस्त्यावर हयात गेलेली. आप्पा त्यांना वाकून नमस्कार करीत. मला पाहून नाना म्हणाले, "ही कोन, तुन्ही आंडेर का? बठ बेटा. भाजी तिखी शे, पानी पी पी खा."

ताटे आली आणि आप्पांनी होळीची खेप सांगायला घेतली. मी ती घरी चार वेळा ऐकली होती. इथे ती मोठी झाली होती.

"काय सांगू नाना, नारळ फुटना, लिंबू दबनात, नी गाडी हालताच हिनी मायनी मांगतून हाक मारी. झायं! खेतियाले आडकनू. टायर बठनं. गारा. ताडपत्री फाटनी. माल सर्वा पिवळा."

"बायकोले टूलबॉक्समा कोंडी ठेव मंग," एक तरुण ड्रायव्हर म्हणाला. खाटा हसल्या.

"तसंच कयं," आप्पा म्हणाले. "आते गाडी निघस तवय ती मांगला दारे ऱ्हास. पुढे यावानं नही."

ते हे ज्या समाधानाने म्हणाले, ते समाधान मला आजही जसेच्या तसे आठवते. मी हातातला घास खाली ठेवला.

"आप्पा, मायनी हाक काब्र मारी, ते बी सांगा ना."

"तू जेव."

"काब्र मारी व्हती वं बेटा?" नानांनी विचारले. त्यांना गोष्टीत अजून काहीतरी गंमत असेल असे वाटले असावे.

"चाकना नट आवळेल नव्हतात. मांगलं डावं चाक. आप्पा पाइप लावाले भुलनात. मायनी दखं, म्हनीसन हाक मारी."

ढाब्यावर शांतता वगैरे पसरली नाही. भट्टी चालू होती, कोणीतरी पाणी मागत होते. पण नानांचे चावणे थांबले. त्यांनी आप्पांकडे पाहिले.

"कितला फिरनात रे?"

"थोडासा..."

"सर्वा फिरनात," मी म्हणाले. "पाइप मीच आनी दिधा ना."

नानांनी मिशीवरचा रस्सा पुसला. मग ते हसू लागले, आणि ते हसू मघाच्या हसण्यासारखे नव्हते. "अरे भो, भरेल गाडी नी सैल नट! नी बाईले टूलबॉक्समा कोंडी ऱ्हायना तू? ती तर तुन्ही आरटीओ शे!"

आता खाटा खरोखर हसल्या. मघाचा तरुण ड्रायव्हर उठून आपल्या गाडीच्या चाकाला कान लावून "काय, हाक मारू का?" असे विचारू लागला. रायसिंग माझ्या शेजारी होता. तो खाली मान घालून, तोंडात भाकरी कोंबून हसत होता, खांदे हलत होते. आप्पाही हसले. न हसून चालणार नव्हते. पण त्यांनी ताटातली भाजी अर्धी टाकली, आणि आप्पांनी शेवेची भाजी टाकलेली मी त्यापूर्वी किंवा त्यानंतर पाहिली नाही.

गाडी नर्मदेच्या पुलावर चढली. पुलाच्या मध्यावर आप्पा म्हणाले, "घरनी गोट घरमा ऱ्हावाले जोयजे."

"मंग तुम्ही काब्र सांगी?"

त्यांनी हॉर्नवर हात ठेवला आणि पूल संपेपर्यंत काढला नाही. समोर कोणी नव्हते.

सत्याने जे झाले नसते ते टिंगलीने झाले. त्या काळी रस्त्यावर फोन नव्हते, पण ढाब्यावरची गोष्ट केळीच्या गाडीपेक्षा लवकर पोचे. महिन्याभरात शहाद्यापासून ग्वाल्हेरपर्यंत आप्पांना नवे संबोधन मिळाले. समोरून येणारी गाडी वेग कमी करी, खिडकीतून डोके निघे: "भो, नट आवळात का?" पेट्रोल पंपावर, नाक्यावर, मंडीच्या फाटकावर हाच प्रश्न. एकदा आमच्या फाट्यावर मी स्वतः ऐकला. मी इंदूरहून परतल्यावर रायसिंगने मला सांगितले की आता आप्पा दर ढाब्यावर स्वतः उतरून नट तपासतात, दोन-दोनदा, आणि एकदा तर चालत्या गाडीत त्यांना चाक हलल्याचा भास झाला. फक्त घरी कोणी काही बोलत नव्हते. घरी आई अजून मागच्या अंगणात होती.

पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. दशम्यांची चळत मोठी होती. इंजिन चालू, फडताळातली भांडी वाजत होती. नारळ फुटला, लिंबे चिरडली, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि थांबली. कोणी हाक मारली नव्हती. आप्पा उतरले. इंजिन तसेच ठेवून, फुईच्या शेजारून, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर असे करीत ते मागच्या अंगणात आले. मी आईला लाकडे देत होते.

"चाक काल बदलेल शे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तू दखं व्हतं का, रायसिंगनी पाइप लाया का नही?"

आईने तव्यावरची दशमी उलटली.

"मांगला दारे काब्र उनात?"

"इचारी ऱ्हायनू."

"आठे चुल्हाजोडे कसाले इचारतस? तठे इचारा. गल्लीमा."

ती उठली. हात पदराला पुसले आणि त्यांच्या आधी चालू लागली. दोन-अडीच महिन्यांनी ती गाडी निघताना त्या दारातून बाहेर आली, तेव्हा फुईचे तोंड उघडे राहिले. मळेवाल्याचा तोच माणूस मोटारसायकलवर बसला होता. समोरच्या दोन ओट्यांवर बायका होत्या. आई गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

आप्पा काहीतरी पुटपुटले.

"काय? इंजिन चालू शे. ऐकाले येत नही."

"भाऊ, गाडी बंद करू नको!" फुई ओरडली. "लिंबू दबेल शेतस!"

आप्पांनी बहिणीकडे पाहिले. मग वर चढून त्यांनी इंजिन बंद केले. गल्लीत एकदम कावळे ऐकू आले. ते खाली उतरले आणि ज्या आवाजात केबिनमध्ये बोलतात त्या आवाजात त्यांनी विचारले, "नट आवळेल शेतस का?"

"माले काय मालूम," आई म्हणाली. "मी हाकवाली शे, मेकॅनिक थोडी शे. काय रे रायसिंग, नट कोनी आवळात?"

"मी आवळा, माय."

"पाइप लाईसन?"

"पाइप लाईसन. वर उभा राहिसन."

"जा मंग," ती आप्पांना म्हणाली.

'तू चुकली नव्हतीस' असे आप्पा मरेपर्यंत म्हणाले नाहीत. असे म्हणणारी माणसे त्या पिढीत मी फारशी पाहिली नाहीत, आणि पुढच्या पिढीत वाढली आहेत असेही नाही. ते विचारत मात्र राहिले, दर खेपेला, इंजिन चालू करायच्या आधी आणि गल्लीत. आई दर खेपेला उत्तर रायसिंगकडून वदवून घेई.

इंजिन बंद केलेल्या त्या खेपेला माल हिरवागार उतरला. नाक्यावर गाडी अडली नाही, टायर बसले नाही. फुईने याचे श्रेय नारळाला दिले; तो सरळ दोन शकले होऊन फुटला होता म्हणे. आप्पा परतल्याच्या दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना ती आईला म्हणाली, "पुढली खेपले डोकावर पदर लिसन उभी ऱ्हाजो. लोके दखतस."